पाणी मुरलं म्हणता, पण कुठलं पाणी मुरलं ते तरी तपासा

दिवाळी झाली की नाशिक जिल्ह्यात गावोगावचे बंधाऱ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, बंधारा तुडुंब, शेजारची विहीर हाताने पाणी घ्यावं इतकी भरलेली, आणि खाली ओळ की अमुक योजनेमुळे भूजल पातळी इतके मीटर वाढली. मला ते फोटो बघून बरं वाटतं, कारण सिन्नर, येवला, नांदगावकडचा मे महिना मी बघितलेला आहे. पण त्या फोटोतून एक गोष्ट काही केल्या सिद्ध होत नाही, ती म्हणजे विहिरीतलं पाणी त्या बंधाऱ्यातूनच आलंय. ते पावसाचं थेट मुरलेलं असेल, वरच्या अंगाने जाणाऱ्या पाटाचा पाझर असेल, शेजाऱ्याने कांद्याला मोकळं सोडलेलं पाणी खाली उतरलं असेल. आणि हे ओळखता येत नाही असं अजिबात नाही, गेली साठ वर्षं जगभर ओळखतायत, आपल्याकडे अहमदाबाद, हैदराबाद, रुरकीला हे काम करणाऱ्या नावाजलेल्या संस्था आहेत, मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र तर आपल्यापासून चार-पाच तासांवर. तरी गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की पुनर्भरणाच्या, म्हणजे जमिनीत पाणी मुरवण्याच्या, नावाने होणाऱ्या प्रत्येक मोठ्या कामाच्या खर्चातला एक छोटा वाटा पाण्याच्या आयसोटोप तपासणीसाठी, म्हणजे पाण्यातले जड-हलके रेणू मोजण्यासाठी, सक्तीने बाजूला काढा, कामाआधी आणि कामानंतर तपासा, आणि आलेले आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहा. तोवर कुठल्याही कामाला यशस्वी म्हणू नका.

आता कोणी म्हणेल की पातळी मोजतात की. मोजतात, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, वर्षातून चार वेळा टेप टाकून पातळी घेतात, ते काम महत्त्वाचं आहे आणि ते बंद पडता कामा नये. पण आपला खडक काळा बेसाल्ट, त्यात पाणी धरायला जागा किती, तर सरकारी हिशोबातच ती एक ते तीन टक्के धरतात. म्हणजे विहिरीची पातळी एक मीटर चढली तर त्या मागे जमिनीत प्रत्यक्ष पाणी वाढलं साधारण दोन सेंटीमीटर. एका चांगल्या पावसाने पातळी झपकन वर येते आणि चार मोटारी सुरू झाल्या की तशीच खाली जाते, त्यामुळे पातळीवरून कामाचं श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवणं फार घाईचं होतं. जलयुक्त शिवारचं तेच झालं, २०१५ ते २०१९ या काळात साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला, २०२० मध्ये कॅगने सांगितलं की भूजल वाढवण्यात फारसं यश नाही, मग एक बाजू म्हणते कॅग चूक, दुसरी म्हणते योजना चूक, आणि दोघांकडेही पाणी कुठून आलं याचा एकही पुरावा नाही. योजना चांगली की वाईट यावर मी इथे बोलत नाहीये, मला राग येतो तो इतका पैसा ओतून आपण काहीच शिकलो नाही याचा.

आयसोटोप हा शब्द ऐकला की लोकांना अणुबॉम्ब आठवतो, म्हणून आधीच सांगतो, मी ज्या तपासणीबद्दल मुख्यतः बोलतोय त्यात किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही आणि पाण्यात काहीही टाकायचं नसतं. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. दहा लाख रेणू घेतले तर त्यात साधारण दोन हजार रेणूंमधला ऑक्सिजन नेहमीच्या १६ ऐवजी १८ वजनाचा असतो, आणि तीनशेच्या आसपास रेणूंमध्ये एक हायड्रोजन दुप्पट वजनाचा, ज्याला ड्युटेरियम म्हणतात. हे जड रेणू पाण्यात आधीपासूनच असतात, आपण रोज पितो. पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात आणि जड मागे राहतात, ढगातून पाऊस पडताना जड आधी खाली येतात. त्यामुळे कुठलं पाणी कुठल्या वाटेने आलं यावर त्यातल्या जड रेणूंचं प्रमाण किंचित बदलतं, हजारात काही भाग इतकं, पण आजची यंत्रं एका भागाच्याही दहाव्या हिश्शापर्यंत नीट मोजतात.

हार्मन क्रेग नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये जगभरातले चारशेच्या आसपास नमुने घेऊन दाखवलं की पावसाच्या पाण्यात या दोन जड घटकांचं नातं जवळजवळ एका सरळ रेषेवर बसतं, ऑक्सिजन एकाने बदलला की ड्युटेरियम आठाने बदलतो. पण तेच पाणी तलावात, धरणात, शेततळ्यात उन्हात पडून राहिलं की ते त्या रेषेवरून घसरतं, आठाचा उतार चार ते सहापर्यंत येतो. बासुंदी आटवताना जसं पाणी उडून मागे दाट राहतं तसं इथे जड रेणू मागे साचतात. आणि ही खूण ते पाणी जमिनीत मुरल्यावर पुसली जात नाही, खडकातून फिरून विहिरीत आलं तरी टिकते. आपल्या कामाचं सगळं इथेच आहे, कारण पावसाचं सरळ मुरलेलं पाणी रेषेवर सापडतं आणि साठवून ठेवलेलं पाणी रेषेखाली, म्हणजे विहिरीत कोणतं किती आलंय हे निदान अंदाजाने तरी सांगता येतं.

सिन्नर तालुक्यात कडवा कालव्याच्या खालच्या अंगाला एका गावात बंधाऱ्याच्या कौतुकाची बैठक होती, मी पण गेलो होतो. अधिकारी बोलून गेले, नारळ फुटला, आणि मग एक तात्या उठले, म्हणाले, "भाऊ, हे पाणी बंधाऱ्याचं नाही, पाटाचंय. आवर्तन सुटलं की आठ दिवसांत माझ्या विहिरीला पाझर फुटतो." त्यावर मागून एक पोरगा म्हणाला, "मग बंधारा नव्हता तेव्हा मार्चलाच का आटायची तुमची विहीर?" तिथून जे सुरू झालं ते तासभर संपेना. बैठक मोडल्यावर तात्या मला विहिरीवर घेऊन गेले. सात परस खोल विहीर, वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकाचा मांजऱ्या खडक, त्याच्या पायथ्याशी वीतभर जाडीचा लाल पट्टा आणि खाली सलग काळा पाषाण. पाणी त्या लाल पट्ट्याच्या बरोबर वरून येत होतं, पश्चिमेच्या अंगाला तीन-चार ओल्या रेघा आणि त्यांच्या बाजूने शेवाळ. पश्चिमेला बंधाराही आहे आणि पाटही आहे. तात्यांचं निरीक्षण खरं होतं, पोराचा प्रश्नही खरा होता, आणि विहिरीत नुसतं वाकून बघून या दोघांपैकी कोणाचं किती हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आता इथे बाटल्या भरल्या असत्या तर काय झालं असतं. एक पावसाची, एक पाटाच्या पाण्याची, एक बंधाऱ्याची, एक तात्यांच्या विहिरीची आणि एक लांबच्या अशा विहिरीची जिला पाट-बंधारा दोन्ही लागत नाही. समजा लांबच्या विहिरीचा ऑक्सिजनचा आकडा, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा जड ऑक्सिजन हजारात किती भाग कमी-जास्त तो, उणे ३ आला, फेब्रुवारीत उन्हाने तापलेल्या बंधाऱ्याचा अधिक १ आला, आणि तात्यांच्या विहिरीचा उणे २. मग सरळ गणित आहे, उणे ३ पासून अधिक १ पर्यंतच्या चार घरांपैकी विहीर एक घर सरकली, म्हणजे तिच्यातलं पाव पाणी बंधाऱ्याचं, बाकी पावसाचं. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, आणि पाट धरून तीन स्रोत असतील तर गणित थोडं अवघड होतं, ड्युटेरियम लागतो, पाण्यातल्या क्षाराचा, म्हणजे क्लोराइडचा आकडा लागतो, आवर्तनाच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने लागतात. पण पाटाचं पाणी इगतपुरीच्या घाटावरच्या मुसळधार पावसाचं आणि बंधाऱ्याचं पाणी सिन्नरच्या तुटपुंज्या पावसाचं, या दोन पावसांतच मुळात फरक असण्याची दाट शक्यता आहे, जिथे पाऊस जोराचा आणि जास्त तिथे जड रेणू कमी पडतात हे १९६४ पासून छापील माहीत आहे. नाशिक जिल्हा या अभ्यासाला किती सोयीचा आहे बघा, पश्चिमेला तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला पाचशे-सहाशे.

नमुना घेणं हे काम शाळेतली मुलं करू शकतात, फक्त नीट शिकवावं लागतं. छोटी प्लास्टिकची बाटली, घट्ट झाकणाची, आधी त्याच पाण्याने दोनदा विसळायची, मग पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची आणि पाण्यातच झाकण लावायचं, उलटी केली तर आत बुडबुडा दिसता कामा नये, कारण आत हवा राहिली की तिथे वाफ होते आणि पाण्याचा आकडाच बदलतो. बोअरचं पाणी घ्यायचं तर मोटर आधी काही मिनिटं चालू द्यायची, पाइपात रात्रभर उभं राहिलेलं पाणी उपयोगाचं नाही. पावसाचं पाणी साठवायच्या भांड्यात वर पॅराफिन तेलाचा थर देतात, त्यामुळे महिनाभराचा पाऊस न उडता जमा होतो. बाटलीवर गाव, विहीर, तारीख, खोली. लॅबला यातले काही थेंबच लागतात, लेझरवर चालणारी यंत्रं आल्यापासून हे काम पूर्वीपेक्षा खूप स्वस्त आणि झटपट झालंय, कोरडी गेलेली एक बोअर जितक्या पैशात पडते तितक्यात अख्ख्या पाणलोटाचे नमुने तपासून होतील.

बोअरवरून आठवलं, शेततळ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २०१६ पासून मागेल त्याला शेततळं मिळालं, द्राक्षबागा त्यावर जगल्या, मी स्वतः द्राक्षाच्या गावातला असल्यामुळे त्याची किंमत मला कळते. पण प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यातून पाणी मुरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते तळं पावसाने भरत नाही, विहीर-बोअरमधून उपसून भरतात, म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं. आणि त्याची नोंद पाणी अडवण्याच्या कामात होते. मला विचाराल तर ही पुनर्भरणाच्या हिशोबातली सगळ्यात मोठी गफलत आहे. तळ्यातल्या पाण्याचा नमुना भरल्या दिवशी आणि दोन महिन्यांनी घेतला तर किती उडालं याचा अंदाज आयसोटोपवरून बांधता येतो, मग तळ्यांवर आच्छादन द्यायचं की तळी कमी करायची यावर निदान आकडा हातात धरून बोलता येईल.

आणि खोल बोअरचा प्रश्न तर याहून गंभीर. देवळा, चांदवड, सिन्नरला आठशे-हजार फुटांपर्यंत लोक गेलेत. तिथे लागलेलं पाणी परवाच्या पावसाचं की आजोबांच्या काळचं, हे ट्रिटियम सांगतो. हा हायड्रोजनचाच तिसरा प्रकार, किरणोत्सर्गी आहे पण पाण्यात इतका नगण्य असतो की त्याने काही अपाय होत नाही, आणि तो दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. १९५० नंतर महासत्तांनी हवेत अणुचाचण्या केल्या तेव्हा पावसात ट्रिटियम प्रचंड वाढला, १९६३ च्या सुमारास शिखर गाठलं, त्याच वर्षी चाचण्याबंदीचा करार झाला आणि मग उतरत गेला. आता पावसात तो जवळपास नैसर्गिक पातळीवर आलाय, तरी एवढं नक्की कळतं की ज्या बोअरच्या पाण्यात तो जवळजवळ शून्य आहे ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी मुरलेलं, आणि त्याहून जुनं असेल तर कार्बन-१४ वरून वय काढतात. पश्चिम राजस्थानात असं तपासल्यावर खोल पाणी हजारो वर्षं जुनं निघालं, नवीन भरच नाही. आपल्या हजार फुटी बोअरमध्ये तसं काही निघालं तर त्याचा अर्थ सरळ आहे, ते पाणी उपसलं की संपलं, वर कितीही बंधारे बांधा. ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून बोअर घेतलीये त्याला हे आधी कळायला नको का? आज त्याला सांगतो कोण, तर हातात नारळ घेऊन शिवार फिरणारा पाणाड्या.

हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने पूर्वी ट्रिटियमचाच वेगळा वापर केला होता, पावसाळ्याआधी मुळांच्या खाली जमिनीत थोडासा टोचायचा आणि पावसाळ्यानंतर माती काढून बघायचं की तो किती खाली ढकलला गेला. गोदावरी-पूर्णा आणि कुकडी खोऱ्यात, म्हणजे आपल्याच बेसाल्टवर, त्यांनी हे केलं आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला छापलं. निष्कर्ष असा की पडणाऱ्या पावसातला दहा टक्क्यांहून कमी हिस्सा खाली भूजलापर्यंत पोचतो. याला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढं तुटपुंजं मुरणार असेल तर कुठल्या नाल्यावर, कुठल्या खडकावर काम केलं की त्यात भर पडते हे शोधणं हाच खरा अभ्यास, आणि आपण मात्र नाला दिसला की पोकलेन लावतोय, खोलीकरण करता करता मुरमाचा थर फोडून खालच्या पाषाणावर पाणी उभं करतोय.

आता जरा अवघड विषयाकडे येतो, जायकवाडी, म्हणजे गोदावरीवरचं आपल्या खालच्या अंगाचं पैठणचं धरण. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी वाटप, मेंढेगिरी समितीचं सूत्र, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे नाशिककरांना तोंडपाठ आहे. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, त्यातलं तीन टीएमसीच्या वर गंगापूर आणि दारणा धरण समूहाचं. दरवेळी भांडण एकाच गोष्टीवर येऊन थांबतं, वाटेत किती मुरतं. आपल्याकडचे नेते म्हणतात अर्धं तर वाटेतच जातं मग सोडता कशाला, मराठवाड्यातले म्हणतात वाटेत जात नाही, तुम्ही मोटारी टाकून उपसता. दोन्हीकडे आवाज मोठा आहे आणि मोजमाप नाही. नदीतलं पाणी काठच्या विहिरींत शिरतं का, किती लांबपर्यंत शिरतं, हे सांगणारं साधन आयसोटोपच आहे. नदीकाठच्या विहिरींचे नमुने पाणी सोडायच्या आधी, सोडल्यावर आठ दिवसांनी, महिन्याने, असे निफाडपासून पैठणपर्यंत घ्या, काठाला लागून एक आणि अर्धा-अर्धा किलोमीटर आत एक. नोव्हेंबरात धरणातलं पाणी नुकतंच साठलेलं असतं, त्यावर उन्हाची खूण कमी असते, त्यामुळे फरक बारीक येईल हे खरं, म्हणून सोबत क्लोराइड आणि नदीचे रोजचे विसर्ग ठेवावे लागतील, आणि उन्हाळी आवर्तनात तीच तपासणी पुन्हा करावी लागेल, मे महिन्यात फरक ठळक असतो.

मला माहीत आहे यावर आमचे लोक काय म्हणतील, कारण तोंडावर म्हणालेत. "दादा, तुम्हीच पुरावा गोळा करून द्या, मग उद्या आमच्या विहिरींवर पाणीपट्टी बसवतील." ही भीती खोटी नाही. तपासणीत निघालं की गोदाकाठच्या विहिरी सोडलेल्या पाण्यावर भरतात, तर ते आपल्या विरुद्ध जाईल. जाऊ दे. खरं असेल तर जाऊ दे, कारण खालच्या अंगालाही शेतकरीच आहेत आणि त्यांच्या वाट्याचं पाणी आपल्या विहिरीत थांबत असेल तर ते लपवून आपण कोणता न्याय मागतोय? आणि उलटही निघू शकतं, की या विहिरी पूर्णपणे स्थानिक पावसावर आहेत, मग उपशाचा आरोप कायमचा गळून पडेल. शिवाय विहिरीवर आकारणी म्हणजे अन्याय असंही नाही, आपल्याच ओझरला पाणी वापर संस्थांनी वाघाड धरणाच्या पाण्याचा आपला वाटा बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या आणि विहीरवाल्यांनी त्याचे पैसे संस्थेला दिले, राजीखुशीने दिले, कारण विहिरीला पाणी येतंय हे त्यांना दिसत होतं. बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या लोकांनी ते विश्वासावर उभं केलं. प्रत्येक गावात तसा विश्वास आणि तशी माणसं मिळत नाहीत, तिथे निदान आकड्यांचा आधार तरी हवा.

त्र्यंबककडे हाच मुद्दा वेगळ्या तऱ्हेने येतो. तिथे पाऊस धो धो आणि एप्रिलपासून बाया हंडे घेऊन झिऱ्यावर. पेठ, सुरगाण्यातही तेच. ब्रह्मगिरी सुमारे १,३०० मीटर, त्र्यंबक गाव सातशे-साडेसातशे मीटरवर, मधल्या उतारावर झरे. कुठला झरा डोंगराच्या कुठल्या उंचीवर मुरलेल्या पाण्यावर चालतो? उंची वाढते तसे पावसातले जड रेणू कमी होत जातात, एवढ्या साडेपाचशे मीटरच्या फरकात आकडा एकाच्या आसपास तरी हलायला हवा, आणि लॅब ०.१ पर्यंत सहज मोजते. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या गौचर भागात भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हेस्को या संस्थेबरोबर नेमकं हेच केलं, झऱ्यांच्या पाण्यावरून मुरण्याची उंची शोधली, बरोबर त्या उंचीवर चर आणि छोटे बांध घातले, आणि झऱ्यांचं पाणी वाढलं. तेवढ्याच पैशात खाली गावाजवळ काम केलं असतं तर झऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरला म्हणून आंदोलनं झाली, मी त्या आंदोलकांच्या बाजूचा आहे, पण नुसतं डोंगर वाचवा म्हणण्यापेक्षा या या उंचीच्या पट्ट्यातून त्र्यंबकचे हे हे झरे भरतात असा नकाशा हातात असता तर परवानगी देणाऱ्याला सही करताना दहा वेळा विचार करावा लागला असता. तो नकाशा अजूनही करता येतो आणि डोंगर आणखी कापला जायच्या आत करायला हवा.

शहरात रामकुंडाचं तेच. २००३ च्या सिंहस्थाआधी कुंडांच्या तळाला काँक्रीट झालं, गोदाप्रेमी तेव्हापासून म्हणतायत की त्याखाली जिवंत झरे आहेत. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं आणि टँकरने पाणी आणून टाकावं लागलं, ते दृश्य ज्यांनी बघितलं त्यांना काँक्रीटचा राग का येतो हे समजावून सांगायला नको. काँक्रीट काढावं असंच माझं मत आहे. पण काढल्यावर कुंडात जे पाणी येईल ते झऱ्याचं, गंगापूरच्या विसर्गाचं की गटाराचं, हे सांगणार कोण? इथे एक बारकावा आहे, शहराचं नळाचं पाणी बहुतेक गंगापूर धरणाचंच, म्हणजे सांडपाण्यातही धरणाचीच खूण, त्यामुळे ऑक्सिजनच्या आकड्यावरून झऱ्याचं पाणी वेगळं काढता येईल पण धरण आणि गटार वेगळं काढता येणार नाही, त्यासाठी नायट्रेटमधला नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड प्रकार, बघावा लागतो. मैला आणि शेणखतातून आलेल्या नायट्रेटमध्ये तो जास्त, युरियासारख्या खतातून आलेल्यात शून्याच्या आसपास. हीच तपासणी निफाडच्या विहिरींना पण लावा, पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असं मानक आहे, ते ओलांडलं की सगळे द्राक्षवाल्यांकडे बोट दाखवतात, गावच्या शोषखड्ड्यांकडे कोणी बघत नाही.

बेसाल्ट गुंतागुंतीचा आहे, एका विहिरीला पाणी आणि वीस फुटांवरची कोरडी, त्यामुळे आयसोटोपनेही सगळं स्वच्छ कळणार नाही, असं काही भूजलवाले मित्र म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, एका वर्षाच्या नमुन्यांवरून निकाल देणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही, नाशिकची पावसाची रेष नाशिकच्याच पावसातून दोन-तीन वर्षं महिन्या-महिन्याचे नमुने घेऊन काढावी लागेल, जुलैचा पाऊस आणि सप्टेंबरचा परतीचा पाऊस वेगळा येईल, अवकाळीचा आणखी वेगळा. पण गुंतागुंत आहे म्हणून मोजायचंच नाही हे कुठलं शास्त्र? उलट याच गुंतागुंतीमुळे पाच निरीक्षण विहिरींच्या पातळीवरून अख्ख्या तालुक्याचा निकाल लावणं जास्त धोक्याचं आहे.

तर करायचं काय, तर जिल्हा नियोजन समितीने जलसंधारणाच्या निधीतला एक ठरलेला हिस्सा तपासणीसाठी राखून ठेवावा, जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र किंवा रसायन विभागाकडे नमुने गोळा करून नोंद ठेवायचं काम द्यावं आणि मोठ्या संस्थेशी मोजणीचा करार करावा. इगतपुरी, त्र्यंबक, नाशिक, निफाड, सिन्नर, येवला अशा पश्चिम-पूर्व ओळीत पावसाची भांडी बसवावीत. ज्या गावात काम मंजूर होईल तिथे पहिली बाटली पोकलेन यायच्या आधी भरली गेली पाहिजे, कारण कामाआधीचा नमुना नंतर कितीही पैसे दिले तरी परत मिळत नाही. आणि निकाल अधिकाऱ्याच्या फाइलीत न ठेवता गट नंबरसकट ग्रामपंचायतीत लावावेत, काम फसलं असेल तर तेही. ज्यांच्या गावात यंदा बंधाऱ्याचं, खोलीकरणाचं किंवा पाझर तलाव दुरुस्तीचं काम येणार आहे त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा एक ठराव मांडावा की मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आत, गावातल्या निदान दहा विहिरींचे आणि दोन खोल बोअरचे नमुने घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. सरपंच म्हणेल वरून तशी तरतूद नाही, तर ते लेखी मागा आणि ठरावाची प्रत तालुक्याला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला पोच घेऊन द्या.